भाव उतरतील म्हणे

जामच्या चौरस्त्यावर, चांद्याचा रस्ता फुटतो त्या कोपऱ्यात, प्रेमदास थूल याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. चार बल्ल्या, वर टिनाचे दोन पत्रे आणि समोर एक निंबाचं झाड. प्रेमदास हिंगणघाटला नववीपर्यंत शिकला होता. पुढच्या वर्षी वडील वारले आणि शाळा सुटली ती सुटलीच. छप्पन सालच्या दसऱ्याला तो बायकोला, मीराबाईला, सोबत घेऊन नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. आल्यावर त्याने नागपूरचा पेपर लावला. पेपर दुपारच्या मोटारीने यायचा. कंडक्टर दारातूनच गुंडाळी टाकायचा आणि प्रेमदास हातातलं काम ठेवून ती उचलायला जायचा.

सुरुवातीला तो मनातल्या मनात वाचायचा. पण पंक्चर निघेपर्यंत निंबाखाली बसलेली माणसं विचारू लागली, काय म्हणते पेपर? मग तो मोठ्याने वाचू लागला. माणसं ऐकायची, माना हलवायची आणि उठून जायची. एक दिवस त्याने वाचलं, ‘परकीय चलनाची तीव्र टंचाई’. कवडू नावाचा बंडीवाला तिथे बसला होता. तो गावातले मोठे जमीनदार अण्णाजी यांच्या घरी सालदार होता आणि त्यांची पोती बंडीत घालून बाजारात न्यायचा. त्याने विचारलं, “चलन म्हणजे चालणं काय गा, प्रेमदासभाऊ?”

सगळे हसले. प्रेमदासही हसला, पण त्याच्या लक्षात आलं की त्याला स्वतःलाच धड सांगता येत नाही. दोन दिवस तो त्या एका ओळीवर विचार करत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने वाटीतले सायकलचे छर्रे, चाकात बसतात त्या बारीक पोलादी गोळ्या, तळहातावर घेतले आणि कवडूला जवळ बोलावलं.

“हे पाहा. हे आपल्याकडे पुरे बनत नाई, बाहेरदेशातून येते. तिथल्या दुकानदाराले आपला रुपया चालत नाई, त्याले त्याच्या देशाचा पैसा पायजे. तो पैसा आपल्याजवळ कवा येइन? आपण आपला चहा, आपलं कापड त्याले विकलं तवा. आता सरकार कारखान्यासाठी मशिनी मागवून राह्यलं ढीगभर, अन् विकून राह्यलो आपण थोडं. मंग बाहेरचा पैसा कमी पडला. मंग सरकार म्हणते, छर्रे थोडे कमी आणा. म्हणून माह्या दुकानात छर्रा महाग.”

कवडू म्हणाला, “माह्या बंडीले छर्रेच नाईत. म्हणजे मले काई टंचाई नाई.”

पण त्याला समजलं होतं. त्या दिवसापासून प्रेमदास पेपर वाचून दाखवायचं सोडून सांगू लागला. पंचवार्षिक योजना त्याने पेरणीवरून सांगितली. कोणत्या वावरात काय टाकायचं, बी किती, बैलजोडी कोणाची, हे आपण आधी ठरवतो, तसं दिल्लीने पाच वर्षांचं ठरवलंय. नोटा जास्त छापल्या की महागाई का होते ते त्याने गावजेवणातल्या वरणावरून सांगितलं. पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलं तर वाट्या जास्त भरतात, डाळ तेवढीच राहते. माणसं दुपारची वाट पाहू लागली. मोटार चुकलेलेही थांबू लागले.

येणाऱ्यांत अण्णाजी होते, जुन्या मालगुजाराच्या घराण्यातले. ते आपली घोंगडी सोबत आणून तिच्यावर बसत आणि प्रेमदासच्या माठातलं पाणी पीत नसत. पण पेपर ऐकायला यायचं चुकवत नसत. आणि रंभा झाडे होती. कोसभरावरच्या खेड्यातून ती वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर डोक्यावर आणायची आणि मोटारीतल्या लोकांना, ट्रकवाल्यांना विकायची. चाळिशीची, बोलायला थोडी. टोपली रिकामी झाली तरी ती निंबाच्या पलीकडच्या बाजूला बसून राहायची. इतर बायांना तिचं हसू यायचं, पण ती ऐकायची आणि एखादाच प्रश्न विचारायची. तो प्रश्न असा असायचा की प्रेमदासला उत्तर द्यायला पान्हा खाली ठेवावा लागायचा.

अठ्ठावन सालच्या संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. पेपरात पहिल्या पानावर मोठी बातमी होती, अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाबद्दल. प्रेमदासने ती उभ्याउभ्याच वाचली, कारण त्या दिवशी तीन सायकली खोळंबल्या होत्या.

“अमेरिकेचा गहू येऊन राह्यला,” तो म्हणाला. “जहाजंच्या जहाजं. सरकार स्वस्त धान्याची दुकानं उघडणार हाये. आता धान्याचे भाव उतरन.”

निंबाच्या पलीकडून रंभाने विचारलं, “गव्हाचे उतरन. जवारीचे काऊन उतरन?”

प्रेमदासने ट्यूब पाण्यात बुडवली होती. बुडबुडा कुठून येतो ते पाहत तो म्हणाला, “काकू, गहू सस्ता झाला तर लोक गहू खाइन. मंग जवारीले कोण विचारते? तिचाही भाव पडन.”

“कवा?”

“जहाजं तं निघाली म्हणते. उन्हाळ्यापर्यंत.”

अण्णाजींनी मान डोलावली. रंभा आणखी थोडा वेळ बसली आणि टोपली उचलून गेली.

तिच्या घरी त्या साली सात पोती जवारी झाली होती. पीक बरं नव्हतं, पण घरच्या चार माणसांना पुढच्या सुगीपर्यंत पुरलं असतं. दरवर्षी ते पोती घरातच ठेवत आणि लागेल तशी काढत. त्या वर्षी रंभाने नवऱ्याला, बापूरावला, सांगितलं की आपण पाच पोती आत्ताच विकू.

“आता भाव चांगला हाये. उन्हाळ्यात उतरला का तेवढीच जवारी कमी पैशात घेऊ. जे उरन त्याच्यात विहिरीवर नवी मोट होइन.”

बापूराव अबोल माणूस. तो म्हणाला, “घरची जवारी घरात बरी.”

“पेपरात आलं हाये.”

बापूरावला अक्षर येत नव्हतं. रंभालाही येत नव्हतं. पण वर्षभर ती निंबाखाली बसली होती, आणि ऐकलेल्या गोष्टीचा आयुष्यात पहिल्यांदा काही उपयोग करून पाहावा असं तिला वाटलं होतं. बापूरावने बंडी जुंपली. दोघं हिंगणघाटच्या बाजारात गेले, ताराचंद नावाच्या अडत्याकडे पाच पोती उतरवली आणि पैसे घेऊन परत आले. मोट त्याच आठवड्यात झाली.

होळीपर्यंत भाव तसाच होता. चैत्रात तो थोडा चढला. रंभाला वाटलं, लग्नसराई आहे, उतरेल. वैशाखात आणखी चढला. घरातली दोन पोती संपत आली होती. ती पायलीपायलीने विकत आणू लागली, कारण एकदम पोतं घ्यायचं तर विकलं त्याच्या सव्वापट द्यावं लागत होतं. तिने घरात एक वेळची भाकर कमी केली आणि त्या जागी कण्या शिजवल्या.  एकदा ती बापूरावच्या ताटात भाकर वाढत असताना त्याने ती मोडून अर्धी तिच्या ताटात ठेवली. त्याने रागाचे दोन शब्द बोलून घेतले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

प्रेमदासला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की रंभाकाकू येते, भाजी विकते आणि मोटार यायच्या आधी निघून जाते. उन्हाचं जात असेल, असं तो समजला. मग एक दिवस कवडू बंडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली म्हणून थांबला आणि बोलता बोलता म्हणाला, “रंभाकाकूचं तं चांगलंच फसलं, भाऊ. पाच पोती विकून बसली अन् आता पायलीनं घेऊन राह्यली.”

“काऊन विकली?”

कवडूने त्याच्याकडे पाहिलं. “तूच तं म्हणालता, भाव पडन.”

प्रेमदासचे हात थांबले. त्याने धाव कशीबशी ठोकून दिली, पैसे घ्यायचं त्याला सुचलं नाही. कवडू गेल्यावर त्याने आत ठेवलेला जुन्या पेपरांचा गठ्ठा उपसला. मीराबाई भाकर घेऊन आली तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि भोवती पेपर पसरले होते.

“काय शोधून राह्यले?” तिने विचारलं.

“सांगतो. थांब.”

संक्रांतीचा अंक सापडला. बातमी तीच होती. त्यात लिहिलं होतं, ‘त्यामुळे धान्याचे भाव उतरतील अशी अपेक्षा अन्नखात्याच्या सूत्रांनी व्यक्त केली.’ खाली आणखी एक परिच्छेद होता. आलेला गहू प्रथम मुंबई, कलकत्ता अशा मोठ्या शहरांतल्या दुकानांना दिला जाईल, असं त्यात होतं. ज्वारीचं नाव बातमीत कुठेच नव्हतं.

त्याने ते मीराबाईला वाचून दाखवलं. मग म्हणाला, “उतरतील अशी अपेक्षा हाये, असं होतं. मी सांगितलं, उतरन. अपेक्षा बोलायले जड जाते म्हणून मी ते गाळलं. मुंबई आपल्याले काय कराची म्हणून तेही गाळलं. अन् जवारीचं तं मी मनचंच जोडलं.”

मीराबाई खाली बसली. “तुम्ही काई मुद्दाम केलं नाई.”

“तिच्या घरचं धान्य गेलं ना.”

“आपल्याकडे दीड पोतं हाये. त्यातलं द्या तिले.” मग तिने थोडा विचार केला. “घेइन काय पण ती आपल्या घरचं?”

 दुसऱ्या दिवशी सकाळी रंभा भाजी घेऊन आली तेव्हा प्रेमदास दुकान सोडून तिच्यासमोर जाऊन बसला. ऊन चढू लागलं होतं. मेथीवर तिने ओलं फडकं टाकलं होतं.

“काकू, मले काल समजलं,” तो म्हणाला. “माह्याच्यानं चुकलं. पेपरात तसं नव्हतं.”

रंभाने त्याच्याकडे पाहिलं. “मंग कसं होतं?”

त्याने सांगितलं. अपेक्षा काय, शहरांचं काय, आणि जवारीचं आपण आपल्या डोक्याने जोडलं ते. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मधे एक गिऱ्हाईक आलं, त्याला वांगी दिली, आणि पुन्हा वळून बसली.

“म्हणजे सरकारले वाटत होतं, उतरन.”

“होय.”

“अन् तुले वाटत होतं, जवारीचेही उतरन.”

“होय.”

“अन् मले वाटलं, छापलं हाये.”

 प्रेमदास म्हणाला, “मीरा म्हणते, घरी जवारी हाये. मी बंडीनं पोचवतो. तुम्हाले चालत नसन तं दुकानातून घेऊन देतो.”

“जवारी नोको देऊ,” रंभा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पण ती थकलेली वाटत होती. “तुह्या घरची म्हणून नाई म्हणत. एक पोतं खाऊन संपन. गहू आला तरी जवारी काऊन चढली, ते सांग. मी घरात बसून तेच तेच इचार करतो. जहाजं आली ना? मंग गेली कुठी?”

“मले माहीत नाई.”

“मंग कोणाले माहीत हाये ते पाहा,” ती म्हणाली आणि मेथीवर पाणी शिंपडू लागली.

दोन दिवस प्रेमदासने पेपर उघडला नाही. गुंडाळी तशीच आत ठेवली. अण्णाजींनी कारण विचारलं तेव्हा त्याने खरं ते सांगितलं.

“बरं केलं बंद केलं ते,” अण्णाजी म्हणाले. “हे शिकल्यासवरल्याचं काम हाये. दीक्षा घेतली म्हणून कोणी मास्तर होत नाई.”

 घोंगडी झटकून अण्णाजी गेले. त्यांच्या बोलण्याचा प्रेमदासला राग आला होता, आणि त्यातलं अर्धं खरं आहे हेही त्याला कळत होतं. त्यामुळे राग धरून बसता येईना. तिसऱ्या दिवशी त्याने दुकान मीराबाईवर सोपवलं, सायकल काढली आणि हिंगणघाटला गेला.

ताराचंद अडत्या आपल्या गादीवर बसून धान्याचे नमुने पाहत होता. पन्नाशीचा, जाड चष्मा लावलेला माणूस. त्याचं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी होतं. प्रेमदासने आपण कोण आणि का आलो ते सांगितलं. ताराचंदला रंभाची पोती आठवली नाहीत, पण जानेवारीतली बातमी चांगली आठवत होती.

“वो खबर?” तो म्हणाला. “अरे भाई, मी पण वाचली. मला पण वाटलं, भाव गिरणार. माझ्याजवळ चाळीस पोती होती, आठ दिवसात सगळी काढून टाकली. तुझ्या त्या बाईची पण त्याच्यातच गेली असतील. आज ती माझ्याकडे असती तर मी या गादीवर एवढ्या चिंतेत बसलो नसतो.”

प्रेमदासला हे अपेक्षित नव्हतं. सायकलवरून येताना साऱ्या वाटेभर तो मनात एक चतुर व्यापारी पाहत आला होता, सगळं आधीच माहीत असलेला.

“तुमाले बी माहीत नव्हतं?”

“उद्याचा भाव कोणाला माहीत असतो? अंदाज असतो. कधी बसतो, कधी नाही बसत.”

“मंग गहू आला तरी जवारी काऊन चढली?”

ताराचंदने चष्मा काढून पुसला. त्याला असं कोणी विचारत नसावं, कारण तो सावकाश, चवीने सांगू लागला. “पहिली गोष्ट, गहू मुंबईच्या बंदरात उतरला. तिथून हिंगणघाटला यायला रेल्वेचे डबे पाहिजे, आणि डबे कोळशाला, लोखंडाला लागले आहेत. कारखाने उभे राहत आहेत ना. दुसरी गोष्ट, आपल्या इकडे पीक मध्यम झालं, पण वरच्या, उत्तरेच्या भागात पाऊस दगा देऊन गेला. तिकडचे व्यापारी इथे येऊन जवारी उचलून घेऊन गेले. मालगाडी भरून गेली माझ्यासमोर. तिसरी गोष्ट म्हणजे, तू सांग, तुझ्या घरी रोज गव्हाची पोळी खातात?”

“नाई. सणाला.”

“मग? स्वस्त झाला तरी गरीब माणूस एकदम जवारी सोडून गव्हावर येतो काय? त्याला जवारीचीच भाकर लागते. म्हणून जवारीची मागणी तेवढीच राहिली, आणि माल कमी झाला.”

प्रेमदासने खिशातून कागद काढून हे सगळं पेन्सिलीने लिहून घेतलं. ताराचंदला त्याची गंमत वाटली. उठताना तो म्हणाला, “आणि एक लिही. सरकार खोटं बोललं नाही. गहू आला नसता तर भाव याच्यापेक्षा वर गेला असता. पण असतं-नसतं कोणाच्या पोटात जात नाही, म्हणून कोणी ते ऐकून घेत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटार आली. निंबाखाली सात-आठ माणसं होती, नेहमीपेक्षा कमी. प्रेमदासने सकाळीच रंभाला थांबायला सांगितलं होतं, आणि ती पहिल्यांदाच पलीकडे न बसता या बाजूला येऊन बसली होती. तिच्यासोबत बापूरावही आला होता. तो उभाच राहिला.

प्रेमदासने संक्रांतीचा पेपर हातात घेतला. 

“आज नवा पेपर मंग पाहू,” तो म्हणाला. “आधी जुना. या बातमीत मी तीन चुका केल्या.” आणि त्याने ती बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, छापली तशी, वाचली. मग तिन्ही चुका एकेक करून सांगितल्या. कोणाचं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मग ताराचंदने सांगितलेलं सांगितलं. डबे, वरच्या भागातला दुष्काळ, भाकर आणि पोळी.

कोणीतरी मागून म्हणालं, “म्हणजे पेपरावर भरोसाच नोको.”

“पेपर बरोबर होता,” प्रेमदास म्हणाला. “मी घाईत होतो.”

रंभाने विचारलं, “ताराचंदले कसं माहीत, वरचे लोक जवारी घेऊन गेले म्हणून?”

“त्यानं डोळ्यानं पाह्यलं. मालगाडी भरताना.”

“अन् डबे नाईत हे?”

“ते तो म्हणते. त्यानं पाह्यलं का कोणाकडून ऐकलं, ते मी विचारलं नाई.”

“विचारजो,” ती म्हणाली.

यावर काही जण हसले आणि प्रेमदासही हसला.  बापूराव, जो एवढा वेळ उभा होता, तो खाली बसला आणि म्हणाला, “मले एक सांग. या अमेरिकेवाल्याले गहू जास्त झाला काय, म्हणून आपल्याले देऊन राह्यला?”

बायकोच्या सोबत आलेल्या त्या अबोल माणसाने भर दुपारी चारचौघांत विचारलेला तो पहिला प्रश्न असेल. प्रेमदासने पान्हा ठेवायचा तसा हातातला पेपर खाली ठेवला. त्या प्रश्नाचं त्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं, जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि हे बोलणं दुपार कलेपर्यंत चाललं.

तो उन्हाळा रंभाच्या घरी ओढाताणीतच गेला. वांग्यांनी आणि सांभाराने तारलं. नव्या मोटेमुळे विहिरीचं पाणी पुरलं आणि भाजी ज्येष्ठापर्यंत टिकली, म्हणून पायलीपायलीने का होईना जवारी घरात येत राहिली. मीराबाईने एकदा सहज म्हणून मोहाची टोपलीभर फुलं धाडली, ती रंभाने ठेवून घेतली आणि टोपली परत करताना तिच्यात कोवळी वांगी घातली. अण्णाजी पुन्हा निंबाखाली आले नाहीत. त्यांनी स्वतःच्या नावाने पेपर लावला. कवडू तो पेपर मोटारीवरून घेऊन त्यांच्या वाड्यावर पोचवायचा, आणि पोचवायच्या आधी वाटेत प्रेमदासला विचारून जायचा की यात काय आहे.

प्रेमदासचं सांगणं बदललं. आता तो आधी छापलेलं वाचायचा, मग आपल्या बोलीत सांगायचा आणि मग म्हणायचा, “हे आता माहं.” त्यामुळे वेळ जास्त लागायचा. काही जणांना कंटाळा यायचा आणि ते उठून जायचे. पहिल्यासारखी गर्दी काही जमली नाही. छर्रे हातावर घेऊन सांगायचं त्याने सोडलं नाही, पण गोष्ट कुठे संपली आणि बातमी कुठे सुरू झाली हे तो सांगू लागला. कधी विसरला तर रंभा विचारायची, कोण म्हणते?

त्या सालचा पाऊस चांगला झाला. पुढच्या सुगीला रंभाच्या घरी नऊ पोती आली. पेपरात पुन्हा बातमी आली की पीक अमाप आहे आणि भाव उतरायची शक्यता आहे. रंभा टोपली ठेवून दुकानात आली.

“तुले काय वाटते?”

“मले वाटते उतरन,” प्रेमदास म्हणाला. “पण मागच्या वर्षीही मले तसंच वाटलं होतं.”

“ताराचंद काय म्हणते?”

“तो म्हणते उतरन. त्याचंही मागच्या वर्षी चुकलं.”

“या खेपी वरच्या भागात पाऊस झाला काय?”

“झाला. ते पेपरात हाये, अन् तिकडून आलेले ट्रकवालेही म्हणते.”

रंभा म्हणाली, “यांचं म्हणणं हाये, एकही पोतं विकू नोको. माहं म्हणणं हाये, तीन विकावी. सहा घरात असली तर भाव चढो का उतरो, भाकर कमी पडणार नाई.”

“मंग तसं करा.”

“तुले विचारायले नाई आलो,” ती म्हणाली. “सांगायले आलो.”

तिने तीन पोती विकली. माघात भाव खरंच उतरला, फार नाही, थोडा. त्या पैशात तिने घराच्या छपरावर नवी कवेलू, म्हणजे कौलं, टाकली. बापूराव स्वतः वर चढून ती बसवत होता, आणि खाली उभी राहून ती त्याला एकेक कवेलू देत होती. चौरस्त्यावर त्या दिवशी ती गेली नाही. प्रेमदासने पेपर वाचला तेव्हा निंबाखाली चार माणसं होती, आणि त्यातल्या एकाने, चांद्याकडच्या कोणा अनोळखी वाटसरूने, विचारलं की हे शेअर बाजार म्हणतात ते काय असतं. प्रेमदासला ते नीट माहीत नव्हतं. त्याने तसं सांगितलं आणि म्हणाला, “पुढच्या आठवड्यात याच मोटारीनं जात असान तं थांबजा. तोवर विचारून ठेवतो.”